भिगवणला जायच्या आधी: पुण्यात पक्षी-कीटक बघायला आणि टिपायला सुरुवात करताना

दर नोव्हेंबरात मला एक-दोन फोन हमखास येतात. कुणाच्या मोबाइलवर रोहित पक्ष्यांचा फोटो फिरत आलेला असतो, कुणाच्या भाच्याने नवा कॅमेरा घेतलेला असतो, आणि प्रश्न ठरलेला: "भिगवणला कधी जायचं? आणि लेन्स कुठली घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे, आणि ते कुणालाच आवडत नाही. भिगवणला पुढच्या वर्षी जा. लेन्स आत्ता घेऊ नका. उद्या सकाळी घरामागच्या टेकडीवर चला.

यात पुणेरी आडमुठेपणा नाही. थोडा असेल. पण भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्यावर, पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलंय. तो नावेत बसतो, नावाडी "तो बघा चमच्या, तो चित्रबलाक" असं सांगत जातो, हा खटाखट बटण दाबत राहतो, आणि घरी आल्यावर सातशे फोटोंतल्या दहा पक्ष्यांचीही नावं सांगता येत नाहीत. माझ्या पहिल्या फेरीचे फोटो अजून एका हार्ड डिस्कवर पडून आहेत, फोल्डरचं नाव 'भिगवण सगळे'. त्यातल्या एका शेकाट्याला मी दोन वर्षं बगळ्याचं पिल्लू समजत होतो. गुलाबी काठ्यांसारखे पाय, सुईसारखी चोच, आणि मी म्हणे बगळा.

म्हणून हा क्रम. घाई असेल त्यांनी शेवटचा भाग आधी वाचला तरी माझी हरकत नाही.

पहिली पायरी: एक जागा धरा

घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी एकच जागा निवडा. पुण्यात ही चैन आहे. कोथरूड, डेक्कन, गोखलेनगर, पाषाण यांपैकी कुठेही राहत असाल तर वेताळ टेकडी. सहकारनगर-धनकवडीवाल्यांना तळजाई. बाणेर-सूसकडच्यांना बाणेरची टेकडी किंवा पाषाण तलाव, निगडीकरांना दुर्गा टेकडी. येरवडा-कल्याणीनगरकडे मुळा-मुठेचा काठ आहे. हडपसर-वानवडीला एम्प्रेस गार्डन. यातलं काहीच जमत नसेल तर सोसायटीतलं फळलेलं उंबराचं किंवा पिंपळाचं झाड धरा. त्यावर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल येऊन बसलेला असतो आणि पानांच्या रंगात इतका मिसळतो की खालून स्कूटर काढणाऱ्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

मग महिनाभर त्याच वाटेने जा. आठ फेऱ्या तरी व्हायला हव्यात. पहिल्या फेरीत 'चार-पाच पक्षी आणि एक फुलपाखरू' एवढंच दिसेल. चौथ्या-पाचव्या फेरीला तुम्हाला कळू लागतं की वळणावरच्या बोरीच्या काटक्यांवर रोज तोच खाटीक बसतो, खाणीतल्या पाण्यावर कवड्या धीवर सकाळी येतो, आणि विजेच्या तारेवरचा कोतवाल आपली तार दुसऱ्याला देत नाही. नेहमीचे कोण हे एकदा पक्कं झालं की पाहुणा आला तर लगेच खुपतो. भिगवणला पहिल्याच दिवशी सगळेच पाहुणे, म्हणून तिथे काही खुपत नाही.

वाट निवडताना एक गोष्ट बघा. टेकड्यांवर गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची, गर्द लागवड आहे. लांबून 'किती हिरवंगार' वाटतं, पण आत गेलात तर शुकशुकाट. त्यापेक्षा जिथे बोर, बाभूळ, हिवर, सालई, रुई आणि मधेमधे उघडं गवत आहे अशी वाट घ्या. झाडोरा विरळ दिसला तरी पक्षी तिकडेच असतात.

वेळ सकाळची. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा पावणेसातला टेकडीच्या पायथ्याशी असलं तरी चालतं. मे महिन्यात सहाला पोहोचा, कारण आठ वाजता सगळा कारभार आटोपलेला असतो. कपडे मातकट, फुल पँट, डोक्यावर टोपी. पावसाळ्यानंतर मोज्यात कुसळं घुसतात आणि ती धुऊन निघत नाहीत, एकेक हातानेच उपटावी लागतात. हिवाळ्यात वाळक्या वेलीवर मखमली तपकिरी शेंगा लटकताना दिसल्या तर हात लावू नका. ती खाजकुयली. मी एकदा फोटोसाठी ती फांदी बाजूला केली होती. पुढचा फोटो त्या दिवशी निघाला नाही.

टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या मंडळींशी ओळख ठेवा. गळ्यात कॅमेरा दिसला की एक आजोबा थांबून विचारणारच, "काय, बिबट्या दिसला का?"

"नाही आजोबा, चिरक बघतोय."

"म्हणजे कोण?"

"काळा, चिमणीएवढा, शेपूट वर करून..."

"अहो, तो होय! तो रोज आमच्या बाकाखाली असतो. त्यात काय बघायचं?" आणि मग हेच आजोबा, जाता जाता, पिंगळ्याची ढोली कुठल्या झाडात आहे ते दाखवून जातात. वीस वर्षं रोज त्याच वाटेने चाललेला माणूस आहे तो. मोबाइलमधल्या नकाशाला हे कुठून कळणार?

दुसरी पायरी: नावाआधी माणूस, म्हणजे पक्षी, ओळखा

अनोळखी पक्षी दिसला की आपण लगेच रंग बघतो. रंग सगळ्यात फसवा. सकाळच्या तिरप्या उन्हात राखाडी पक्षी तपकिरी दिसतो आणि उजेडाविरुद्ध सगळेच काळे. त्याऐवजी असं बघा.

आधी आकार, तोही आपल्या ओळखीच्या तीन मापांत: चिमणी, साळुंकी, कावळा. चिमणीहून लहान की मोठा? साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच. दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, फुलात घालायची वाकडी, की मासे पकडायची सुरी. मग शेपूट किती लांब आणि ती कशी धरतो. मग तो करतोय काय: जमिनीवर टुणटुण उड्या मारतोय, खोडावर चढतोय, एकाच फांदीवरून उडून परत तिथेच बसतोय? रंगाची पाळी शेवटी.

आजोबांच्या बाकाखालचा चिरक घ्या. चिमणीएवढा, उघड्या खडकाळ जमिनीवर, शेपूट सतत ताठ वर. नर काळा, उडताना खांद्यावर पांढरा डाग चमकतो, शेपटीच्या बुडाशी खालून विटकरी रंग. मादी मातकट, पण बुडाशी तोच विटकरी. आता दयाळ. तोही काळा-पांढरा, तोही शेपूट वर करतो, पण आकाराने जरा मोठा, पोट आणि पंखावरचा पट्टा स्वच्छ पांढरा, विटकरीचं नाव नाही, आणि तो खडकापेक्षा बागेत, झाडीत. या दोघांत गोंधळ व्हायचा थांबला की पहिली परीक्षा पास झालात.

कान तर डोळ्यांपेक्षा लवकर तयार होतात. उन्हाळ्याच्या तोंडाला तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं 'टुक टुक टुक' ऐकू आलं की तांबट. झाडीतून घुमणारा 'कूप कूप' भारद्वाजाचा. मेच्या अखेरीस पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' सुरू करतो. ते ऐकायला नांगर धरायला हवा असं नाही, कोथरूडच्या गॅलरीतही ऐकू येतं. इवलासा शिंपी इतक्या मोठ्याने ओरडतो की पहिल्यांदा ऐकणारा निदान साळुंकीएवढा पक्षी शोधत बसतो.

मराठी नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. ती सुंदर आहेत, पण गावोगावी बदलतात, आणि एकच नाव दोघांना असतं. 'हळदीकुंकू' म्हटलं की तळ्याकाठचा माणूस बदक समजेल: चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. फुलपाखरंवाला मात्र पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा-लाल रंग मिरवणारं फुलपाखरू समजेल. दोघंही बरोबर. त्यामुळे वहीत मराठी नावाशेजारी इंग्रजी किंवा शास्त्रीय नावही लिहून ठेवा.

वही म्हणजे खरोखरची वही. तारीख, वेळ, जागा, हवा, आणि दिसलं ते. ओळख पटली नसेल तर वर्णन लिहा, वाकडंतिकडं चित्र काढा. घरी येऊन ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, यादी टाका. तिथे वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव शोधलंत तर आजवर कुणाला कुठल्या महिन्यात काय दिसलं ते सगळं फुकट वाचायला मिळतं, आणि अनोळखी पक्ष्याचं नाव बहुतेक वेळा त्या यादीतच लपलेलं असतं. मर्लिन नावाचं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. चांगलं आहे, पण त्याने सुचवलं म्हणजे दिसलं असं नाही. पौड रोडच्या हॉर्नमधून त्याला काय काय ऐकू येतं ते एकदा बघाच. पक्षी स्वतः बघितल्याशिवाय यादीत टाकायचा नाही, हा नियम मी स्वतःवर घालून घेतलाय.

दुर्बीण मात्र कॅमेऱ्याच्या आधी घ्या. ८ बाय ४२ हे माप नव्या माणसाला बरं. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, तो मोठा असला की पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसतं. १० किंवा १२ पटीची घेऊन हात थरथरवत बसण्यात अर्थ नाही. घेताना दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का ते दुकानातच तपासा, फुलपाखरांना लागतं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी खाली फिरवून ठेवायची. आणि पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच रोखून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. ही सवय अंगवळणी पडायला आठवडा लागतो. गॅलरीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्यांवर सराव करा, पण समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या टाळून. हे का सांगतोय ते विचारू नका.

तिसरी पायरी: रुईच्या झुडपापाशी अर्धा तास

पक्षी शोधायला निघालेल्या माणसाला कीटक दिसत नाहीत, कारण तो चालत असतो. कीटकांसाठी बसावं लागतं. माझी शिफारस रुईची. रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, टेकडीच्या पायथ्याला, पुण्यात रुई कुठेही सापडते. शनिवारी मारुतीला माळ घालायची तीच. पावसाळा संपता संपता एखादं अंगाबरोबरचं झुडूप गाठा, खाली गोणपाट टाका, आणि घड्याळ लावून अर्धा तास बसा.

पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग कोवळ्या शेंड्यावर पिवळ्या रवाळ थराकडे लक्ष जातं. तो मावा आहे, शेकड्याने. जवळून बघितलंत तर त्यांच्यात मुंग्या फिरताना दिसतील. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. तरी एखादा ठिपक्यांचा लाल ढालकिडा येऊन मावा मटकावून जातोच. फुलांवर काळा, जाडजूड भुंगा घोंघावत येईल. रुईच्या फुलातले परागकण पिठासारखे सुटे नसतात, त्यांचे पुंजके असतात, आणि ते भुंग्याच्या पायांना अडकून दुसऱ्या फुलात जातात. मग कदाचित पानाच्या देठाशी निळा-पिवळा, जणू कुणी रंगवून ठेवल्यासारखा टोळ. तो रुईवरच वाढतो आणि चव अशी कडवट की पक्षी सहसा वाटेला जात नाहीत.

आता पानं उलटून बघा. हळू, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, रुईच्या चिकाने डोळ्यांना इजा होते. पानाखाली पांढरे-काळे-पिवळे पट्टे असलेली अळी सापडली तर नशीब. पाठीवर काळ्या, मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची अळी. ती खायला बसण्याआधी काय करते ते बघा: पानाची शीर आधी कुरतडते. चीक तिथूनच वाहून जातो, आणि पुढचं पान निवांत खाता येतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास कधी संपला ते कळलं नाही. पाय मात्र एवढे बधिर झाले होते की उठताना कोलमडलो.

रुईचं विष अंगात साठवल्यामुळे प्लेन टायगर बेचव होतं, आणि पक्षी एकदा चाखून पुन्हा नाद करत नाहीत. याचा फायदा दुसरंच एक फुलपाखरू उठवतं. डॅनैड एगफ्लायची मादी हुबेहूब तशीच नारिंगी-काळी दिसते, पण ती बेचव नसते, नुसतं सोंग. मागच्या पंखाकडे बघा. खऱ्या प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाडीला पुढच्या कडेला एकच. नराचा तर अवतारच वेगळा, काळा कुळकुळीत आणि वर पांढरे मोठे डाग.

रुई नसेल तर कुंडीतला कढीपत्ता आणि लिंबू बघा. त्यावरच्या अळ्या लहानपणी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. बोटाने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा बघा आणि सोडून द्या, रोज त्रास देऊ नका. आई कढीपत्त्याची पानं खाल्ली म्हणून अळी चिमट्याने काढून टाकायला निघाली असेल तर तिला आठ-दहा पानांचं नुकसान सोसायला सांगा. बहुतेक आया कोषातून फुलपाखरू बाहेर येताना बघितलं की पुढच्या वर्षी कढीपत्त्याची आणखी एक कुंडी आणतात.

चौथी पायरी: आता कॅमेरा

हातात चांगला मोबाइल असेल तर कीटकांसाठी तेवढा पुष्कळ. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारं चिमट्याचं मॅक्रो, म्हणजे जवळचं मोठं दाखवणारं, भिंग लावलं तर मुंगीचे डोळे दिसतात. पक्ष्यांसाठी मोबाइल दुर्बिणीच्या एका काचेला टेकवून फोटो काढायची युक्ती आहे. फोटो काही मासिकाच्या मुखपृष्ठावर जाणार नाही, पण ओळख पटवायला भरपूर.

दुसरा पर्याय लांब झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा. निकॉनचा पी ९०० हा असलाच: ८३ पट झूम, वजनाला किलोच्या आत. लांबचा पक्षी आणि जवळचं फुलपाखरू दोन्ही त्यात होतं, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून मी हाच प्रकार सांगतो. सेकंडहँडही मिळतात. कमी उजेडात आणि उडत्या पक्ष्याला मात्र हे कॅमेरे अडखळतात.

लेन्स बदलायचा कॅमेरा घ्यायचाच असेल तर ७०-३०० मिमीच्या झूम लेन्सपासून सुरुवात. १५०-६०० मिमी घेऊन टेकडी चढून बघा, मग ठरवा. जवळजवळ दोन किलोचं धूड गळ्यात घेऊन माणूस पक्षी कमी आणि बसायला दगड जास्त शोधतो.

सेटिंगबद्दल पानं भरून लिहिता येतं, मी थोडक्यात सांगतो. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, चुळबुळ करणाऱ्या शिंपी-वटवट्याला १/१०००, उडत्याला १/२००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा, फोटो जरा दाणेदार आला तर चालतो, हललेला चालत नाही. पांढरा बगळा काढताना एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे करा, नाहीतर तो नुसता पांढरा डाग होतो. आकाशाविरुद्ध घार काढताना थोडं अधिक करा, नाहीतर काळी सावली. फोकस डोळ्यावर, नेहमी. पंख थोडे धूसर झाले तरी खपतं, डोळा धूसर झाला की फोटो गेला. सूर्य आपल्या पाठीशी हवा.

कीटकांना लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, लहान ठेवा, एफ ८ ते एफ ११, कारण जवळून फोकसची खोली फार कमी मिळते. कॅमेरा कीटकाच्या अंगाशी समांतर धरा, म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं स्पष्ट येतं. उभं राहून वरून काढलेला फोटो कुणाचाही निघतो, तुम्ही गुडघे टेका. फुलपाखराजवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, लगेच उडतं. हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठला ती पंख पसरून ऊन खात बसलेली असतात, अंगात ऊब येईपर्यंत हलत नाहीत. चतुर उडाला तर निराश होऊ नका, तो बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. कॅमेरा काडीवर रोखून थांबा. चतुर आणि टाचणी यांतला फरकही बसल्यावरच कळतो: चतुर पंख आडवे पसरून बसतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून.

आणि ओळख पटवायची असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. वरून, बाजूने, खालून असे तीन साधे फोटो काढा. कित्येक फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरच ठरते. आयनॅचरलिस्ट नावाच्या ॲपवर टाकलंत की जाणकार येऊन नाव सांगतात. ॲप स्वतःहून जे पहिलं नाव सुचवतं ते अंतिम मानू नका.

पावसाळ्यात एक फुकटची जागा आहे, सोसायटीच्या जिन्यातला दिवा. जून-जुलैत रात्री नऊनंतर भिंतीवर पतंग येऊन बसतात, कुणी वाळक्या पानासारखा, कुणी लाकडाच्या ढलपीसारखा. खाली उभं राहून मोबाइलने काढा. वॉचमन विचारतील काय करताय. दाखवा त्यांना, आमचे तर आता स्वतःच फोन करून बोलावतात. त्याच दिवसांत एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते, पाच-दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या. पावसासाठी दुधाची मोठी पिशवी आणि रबरबँड पुरतो.

पाचवी पायरी: किती जवळ जायचं

मी सुरुवातीच्या वर्षी एका एप्रिलमध्ये टेकडीवर टिटवीचे फोटो काढत होतो. ती डोक्यावरून घिरट्या घालत बोंबलत होती, आणि मी खूश, उडतानाचे फोटो मिळतायत म्हणून. पाच मिनिटांनी खाली बघितलं तर बुटापासून दोन पावलांवर खड्यांत चार ठिपकेदार अंडी. ती उघड्यावरच घालते, गोट्यांत गोटा होऊन जातात ती. भर उन्हात अंडी उघडी पडली तर भाजून निघतात, आणि मी ती तेवढा वेळ उघडी ठेवली होती. आलो त्याच पावलांनी मागे गेलो. त्या सकाळचे फोटो नंतर पुसून टाकले.

तेव्हापासून सोपी खूण ठेवली आहे. पक्षी खायचा थांबला, मान ताठ केली, आपल्याकडे बघायला लागला की तिथेच थांबायचं. पुन्हा खायला लागला तर दोन पावलं पुढे, नाहीतर नाही. सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, मधेमधे बसा. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलवू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो चरायचं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत राहतो. घरट्याचे आणि घुबडांच्या ढोलींचे पत्ते ग्रुपवर टाकू नका. आजोबांनी पिंगळ्याची ढोली तुम्हाला दाखवली ती विश्वासाने. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात अंडी-घरट्यांना हात लावणंही येतं.

पुण्याची एक खास गोष्ट: लष्कराची हद्द. भिंतीपलीकडचा पक्षी कितीही दुर्मिळ असो, तिकडे लांब लेन्स रोखून उभे राहू नका. समजावून सांगण्यात जाणारी सकाळ तुमची असते.

वर्ष कसं फिरतं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्या पक्ष्यांचे दिवस. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा. त्या दिवसांत ठिकठिकाणी फुकट फेऱ्या निघतात, पहिली फेरी म्हणून त्यातलीच एखादी धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. फुललेल्या सावरीखाली दोन तास उभं राहिलं तरी साळुंक्या, भोरड्या, शिंजीर, बुलबुल सगळे येऊन जातात, कुठे जायची गरज नाही. पावसाच्या आगेमागे नवरंग आणि चातक येतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर ओल्या मातीत लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्याच्या नात्यातला. जुलै ते ऑक्टोबर फुलपाखरं, चतुर, टोळ, कोळी. याच काळात पक्षीवाले 'सीझन नाही' म्हणून घरी बसतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

आणि मग भिगवण

टेकडीवरचे पन्नास-साठ पक्षी न अडखळता सांगता आले की बाहेर पडा. पहिला मुक्काम कवडीपाट. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. वासाची तयारी ठेवा. शहराने नदीत सोडलेलं सगळं इथे येऊन अडकतं, आणि त्याच पाण्यात चक्रवाक, शेकाटे, धोबी आणि दोन ठिपक्यांचं ते हळदीकुंकू निवांत चरत असतं. माझ्याकडचा चक्रवाकाचा सगळ्यात चांगला फोटो इथला आहे, त्याच्यामागे थर्माकोलची ताटली तरंगतेय. ती फोटोतून काढून टाक असं बरेच जण सांगतात. मी काढलेली नाही.

दुसरा मुक्काम सिंहगडाच्या पायथ्याची दरी, आतकरवाडीच्या बाजूची. स्वर्गीय नर्तक, नाचण, निळा माशीमार, ओढ्यालगत फुलपाखरं, त्यात आपलं राज्यफुलपाखरू नीलवंतही, काळ्या मखमलीवर निळे पट्टे. उन्हाळ्यात पाण्याच्या डबक्याशी फोटोग्राफरांची रांग लागलेली दिसली तर पुढे निघून जा. पक्ष्यांना पाणी प्यायला जागाच उरत नाही.

मग भिगवण. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, भीमेवरच्या उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. रोहित कधी येतील ते कॅलेंडरवर नाही, पाण्यावर ठरतं. पाणी उतरून चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडले की ते येतात. म्हणून निघायच्या आधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून 'पाणी किती उतरलंय?' एवढंच विचारा, 'रोहित आहेत का?' विचारू नका. त्याला कुणी नाही म्हणत नाही. पहाटे साडेचारला निघा, म्हणजे उजाडायला नावेत असाल. नावाड्याला पहिल्यांदाच सांगा की रोहित उडवायचे नाहीत, लांबूनच थांबू. उडतानाचा फोटो मिळवून दिला की बक्षिसी मिळते अशी त्याला सवय लावून ठेवलीय लोकांनी. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकायचं नाही, ते आपल्यासाठीच ठेवा. आणि नावेत चढतानाच नावाड्याच्या घरी जेवणाचं सांगून ठेवा. चिलापी मासा सांगितल्यावरच तळायला घेतात, आणि दहाच्या उन्हात परत आल्यावर तासभर वाट बघायची कुणाची तयारी नसते.